शोकसभेतल्या काकू

तो कार्यक्रम माझ्या डोक्यात जातो. आठवड्यातून दोनदा रात्री लागतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो आणि मधल्या वेळात त्याचे तुकडे लोकांच्या मोबाईलवर वाजत असतात, म्हणजे सुटका कुठूनच नाही. नांदेडला ऑफिसात डबा खाताना तो असतो, लातूरच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर तो असतो. भडक रंगाच्या भिंती, एक सोफा, एक दार. दाराला कडी नाही, कारण ते फक्त पात्रं आत येण्यासाठी आहे. समोर मोठ्या खुर्च्यांत दोन पाहुणे बसलेले असतात. त्यांना हसण्यासाठीच बोलावलेलं असतं आणि विनोद व्हायच्या आधीच ते मांडीवर थाप मारून एका अंगावर कलंडतात. पुरुषाला साडी नेसवली की अर्धा विनोद झाला. त्याला मराठवाड्याचं बोलायला लावलं की पाऊण झाला. उरलेल्या पावासाठी लेखक ठेवलेत आणि ते बहुतेक सुट्टीवर असावेत.

तिथं ठरलेली पात्रं असतात. बहिरा वॉचमन, बायकोला घाबरणारा हवालदार, दर वेळी चुकीच्या लग्नात जेवायला शिरणारा मामा. बघणाऱ्याला गोष्ट नको असते. ओळखीचा माणूस दारातून कधी येतो याची त्याला वाट बघायची असते. तो आला की टाळ्या, त्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं की शिट्ट्या. मी कॉलेजात स्किट केलेली आहेत, त्यामुळे हे कसं जमवतात ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळे राग कमी होत नाही.

यातलं गेली दोन वर्षं सगळ्यात जास्त चाललेलं पात्र म्हणजे शोकसभेतल्या काकू. त्यांना कार्यक्रमात एक नाव आहे. ते मी इथं लिहिणार नाही, महाराष्ट्रभर लिहून झालंय. दर भागात कोणीतरी मेलेलं असतं. कधी घरमालक, कधी नगरसेवक, एकदा तर कुत्रा. हार घातलेला फोटो, उदबत्ती, पांढऱ्या कपड्यातली माणसं. मग काकू उठतात. चष्मा काढतात, पदरानं पुसतात, पुन्हा डोळ्यांवर ठेवतात आणि म्हणतात, मी लई बोलणार न्हाई. एवढ्यावरच सगळा हॉल फुटतो. त्यानंतर त्या थांबतच नाहीत. मेलेल्या माणसाला काय खायला आवडायचं ते सांगत सुटतात, भेंडी, वांगी, भजी, आणि सांगता सांगता नैवेद्याचं ताट स्वतःच संपवतात. शेवटी त्यांना चौघं उचलून बाहेर नेतात. ठरलेल्या दारातून.

ती माझी आई आहे.

घरात आम्ही तिला माय म्हणतो. कागदावर लिहायला बसलं की हात आपोआप आई लिहितो. शाळेनं लावलेली ही सवय आता जात नाही. ती चाकूरला राहते. तीस-बत्तीस वर्षं आरोग्यसेविका होती. आसपासच्या खेड्यांतल्या बाळंतिणी, लसी, तापाची पोरं, सगळं पायी आणि एस.टी.नं केलं. लोक तिला नर्सबाई म्हणत आणि निवृत्त झाल्यावरही तेच म्हणतात.

आमच्या वस्तीत कोणी गेलं की काही दिवसांनी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. दोन तसबिरींपुढं मेणबत्त्या लागतात, त्रिशरण-पंचशील होतं, आणि मग लोक गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. बोलणारे ठरलेले असतात. एक निवृत्त मास्तर, एक पक्षाचा कार्यकर्ता, एक बँकेतला. तिघंही जीव तोडून तेच बोलतात. दुःखद निधन, अपूरणीय हानी, कुटुंबाला हे दुःख पचवण्याची शक्ती मिळो. नोकरीत असलेल्या माणसाबद्दल निदान नोकरीचं सांगता येतं. पण जी बाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, तिच्याबद्दल मास्तर काय सांगणार? दोन मिनिटांत हानी अपूरणीय करून ते खाली बसत.

आईला याचा संताप यायचा. म्हणून ती उभी राहायला लागली. कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस ती घरोघर फिरायची, पूर्वी पोलिओच्या डोससाठी फिरायची तशीच. गेलेल्याच्या भावकीत बसायची, शेजारणींना विचारायची, ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्याकडं तर हमखास जायची. तो काय खायचा, कशावर चिडायचा, हातानं काय करायचा. मग कार्यक्रमात उठून, चष्मा पुसून, लई बोलणार न्हाई म्हणून वीस मिनिटं बोलायची.

एका गवंडी मामांचं मला आठवतं. आईनं सांगितलं की या माणसानं वस्तीतल्या निम्म्या घरांच्या पायऱ्या बांधल्या आणि प्रत्येक पायरी मुद्दाम चार बोटं बुटकी ठेवली, कारण त्यांच्या मायचे गुडघे दुखायचे आणि तिला कुणाकडंही जाता यावं असं त्यांना वाटायचं. हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. एका जुन्या हाताखालच्या माणसाकडून आईनं ते काढलं होतं. त्या दिवशी लोक घरी गेले आणि आपापल्या पायऱ्यांकडं बघत उभे राहिले. मीही राहिले.

काकूंचं काम करणारा नट नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. लातूरचा, घरचं दुकान, अभ्यासात यथातथा, स्किटमध्ये मात्र वाघ. आमच्या टीमच्या तालमी तो आणि मीच घ्यायचो. इंजिनिअर होऊन मी सिंचनाच्या ऑफिसात चिकटले, तो मुंबईला गेला. बरीच वर्षं कुठंच दिसला नाही, मग एकदम साडी नेसून घराघरांत दिसायला लागला.

पहिल्यांदा त्याला काकू झालेलं बघितलं तेव्हा मी चाकूरलाच होते. दुपारचा पुनःप्रक्षेपणाचा भाग. आई शेंगा फोडत बसली होती. त्यानं चष्म्याला हात घातला आणि मला कळलं. पुढचं वाक्य तो म्हणायच्या आधी मला ऐकू आलं. मी आईकडं बघितलं. ती हसत होती. इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. म्हणाली, अशी एक बाई अहमदपूरकडं होती बघ, माईक सोडायची न्हाई. आणि हे लेकरू आपल्याकडं येऊन गेलतं ना गं?

तिनं स्वतःला ओळखलं नव्हतं. कोण ओळखणार? माणसाला आपला आवाज आतून ऐकू येतो, पाठीमागून आपण कसे दिसतो ते कुठं ठाऊक असतं? उलट तिला अभिमान वाटला. लेकीचा मैतर टीव्हीत हाय म्हणून तिनं चार घरी सांगितलं, आणि त्या चारही घरांनी मान डोलावून ऐकून घेतलं. वस्तीला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. आईसमोर कोणी काही बोललं नाही, निम्म्या वस्तीची बाळंतपणं तिनं केलेली. पण आपसात बोलायचे, पोरं एकमेकांना लई बोलणार न्हाई म्हणायची आणि आमच्या दारावरून जाताना गप्प व्हायची. मीही गप्प बसले. वेळ आली की सांगू, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर माझी हिंमत नव्हती.

मग वस्तीतली एक म्हातारी गेली. लातूरच्या दाळमिलमध्ये डाळ निवडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, शेवटची काही वर्षं ती लेकीकडं चाकूरला होती. आईनं नेहमीसारखे दोन दिवस पाय झिजवले. लातूरलासुद्धा जाऊन आली, मिलमधल्या जुन्या बायकांना भेटायला. रविवार होता, मी नांदेडहून आले होते, विहारात आईच्या मागं दोन ओळी सोडून बसले होते. मास्तरांची हानी अपूरणीय करून झाली. आई उठली. हात जोडले. चष्मा काढला आणि पदर हातात घेतला.

मागं खुसखुस सुरू झाली. मी वळून बघितलं तर दोन पोरी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेल्या. पुरुषांत कोणीतरी मोठ्यानं खाकरलं. आईनं चष्मा घातला आणि म्हणाली, “मी लई बोलणार न्हाई.”

कोणीतरी टाळी वाजवली. एकच, सवयीनं वाजवावी तशी. आणि मग आवरेना कोणालाच. लोकांना हसायचं नव्हतं, हे मी आजही सांगते. माणसं माना खाली घालून, ओठ चावून, डोळे मिटून हसत होती. समोर गेलेल्या म्हातारीची लेक पांढऱ्या लुगड्यात बसलेली. तिनं पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. आईला वाटलं ती रडतेय. ती बोलायचं थांबून पुढं गेली, तिच्याजवळ खाली बसली, पाठीवर हात ठेवला. त्या बाईनं तोंड वर केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “माफ करा नर्सबाई,” ती म्हणाली, “आवरंना वो.”

आई तिच्याकडं बघत राहिली. मग मागं वळून सगळ्यांकडं बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर्ग मोजावा तसं. माझ्यापाशी तिची नजर थांबली आणि माझ्या तोंडावर जे काही होतं ते तिनं वाचलं असावं. कारण घरी आल्यावर तिनं विचारलं ते एवढंच, की तो टीव्हीतला पोरगा तिचीच नक्कल करतो का. मी हो म्हटलं. विहारात मात्र त्या वेळी ती नुसती जागेवर परत गेली, जयभीम म्हणाली आणि खाली बसली. त्या म्हातारीबद्दल मिलमधल्या बायकांनी काय सांगितलं होतं, ते विहारात कुणाला कळलं नाही. मलाही तिनं नंतर कधी सांगितलं नाही.

त्यानंतर ती उभी राहिली नाही. वस्तीत आणखी मयती झाल्या. आई जायची, मेणबत्ती लावायची, शेवटपर्यंत बसायची, घरी यायची. आधीचं फिरणंही बंद केलं. एका गेलेल्या रिक्षावाल्याची बायको मुद्दाम घरी आली. बोला नर्सबाई, मास्तर जे बोलतील ते आमच्या माणसाचं वाटणारच न्हाई म्हणाली. आईनं घसा बसल्याचं सांगून तिला परत पाठवलं. मी चिडले. टीव्हीवरच्या भिकार नकलेपायी तू कामून तोंड बंद करतीस, म्हणून भांडले.

“मी उभी राहिले की लोकाला टीव्ही दिसतो,” आई म्हणाली. “माझं हसं झालं तर होऊ दे. मेलेल्याचं हसं व्हायलंय माझ्यापायी.”

मग मी त्या नटाला फोन लावला. वर्गातल्या एकाकडून नंबर मिळवला आणि मनाशी सगळं पाठ करून ठेवलं होतं. आमच्या घरी जेवलास, आणि तिलाच विकलंस, असं बरंच काही. तो खूश झाला माझा आवाज ऐकून. मी पाठ केलेलं सगळं बोलले. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मनापासून आश्चर्य वाटल्यासारखा म्हणाला, “अगं, पण मी काकूंना आयुष्यात एकदाच भेटलो, अर्धा तास. त्या कशा बोलतात ते मला काय ठाऊक? मी तू करायचीस तेच करायलोय.”

आता इथं मला ते सांगावं लागणार, जे मी इतका वेळ टाळलं. पहिल्या वर्षी युवक महोत्सवाहून आमची बस लातूरकडून विष्णुपुरीला परत येत होती. वाटेत चाकूर लागतं. आईनं सगळ्या टीमसाठी भाकरी, पिठलं, ठेचा करून ठेवला होता. पोरं अंगणात बसून जेवली, आईनं त्यांना हात धुवायला लावले, पाणी गाळून पिण्यावर दोन शब्द बोलली, लई बोलणार न्हाई म्हणून. आमच्या टीममध्ये शहरातल्या मुली होत्या. त्यांच्यातल्या एकीनं दुसरीकडं बघून भुवया उडवल्या. ते मी बघितलं आणि माझे कान तापले. बस सुटली. कोणी काही बोलायच्या आत मी सीटवरून उठले, ओढणीचा पदर केला, मैत्रिणीचा चष्मा काढून पुसला आणि आईचं पुण्यानुमोदनाचं भाषण सुरू केलं. भेंडी, वांगी, भजी. ते खाण्याचं वाढवून सांगणं माझंच. ताट संपवणं माझंच. चौघांनी उचलून नेणंसुद्धा माझंच, आणि उचलणाऱ्यांत तो एक होता. भुवया उडवणारी मुलगी हसून हसून सीटखाली बसली. तिनं हसण्याआधी मी हसवलं, एवढंच मला हवं होतं. पुढं कॅन्टीनमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, गॅदरिंगला, मागणी येईल तिथं मी ते केलं. चार वर्षं केलं.

हे मी फोनवर कबूल केलं नाही. त्याच्यावर ओरडत राहिले. बंद कर म्हणाले. तो म्हणाला चॅनेलवाले ऐकणार नाहीत, ते पात्र आता त्याचं राहिलेलं नाही, प्रेक्षकांचं झालंय. असं ही मंडळी नेहमी म्हणतात. टाळ्या घेताना पात्र त्यांचं असतं आणि शिव्या खाताना प्रेक्षकांचं. वर म्हणाला, मी सांभाळून केलंय, समाजाचं काही येऊ दिलं नाही. ते खरं होतं. त्याच्या काकूंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असतं, अंगावर हिरवी नऊवारी. आईच्या कपाळाला कुंकू नाही आणि साडी पांढरी, निळ्या काठाची. चष्मा घेतला, पदर घेतला, आवाज घेतला, आणि जयभीम तेवढं चाकूरलाच ठेवून गेला. ते घेतलं असतं तर त्रास झाला असता. मी गॅदरिंगला करायचे तेव्हा मीही ते गाळायचे, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. विसरला असेल.

माझ्या फोनचा परिणाम असा झाला की तो आईचा सत्कार करायला निघाला. लातूरला त्यांचा प्रयोग होता, तिकिटांसाठी झुंबड उडाली होती. आदल्या दिवशी गाडी घेऊन चाकूरला आला. शाल, नारळ, पेढे, आणि मोबाईल धरायला एक माणूस. मला आधी कळवलं होतं म्हणून मी रजा टाकून हजर होते. गल्लीत गर्दी झाली. ज्यांनी आईसमोर कधी चकार शब्द काढला नव्हता ते सगळे फोटो काढायला पुढं. तो आईच्या पाया पडला. खरंच पडला, डोकं टेकवून. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला, घरच्यांची खुशाली विचारली. त्याची इच्छा होती की आईनं आणि त्यानं ते वाक्य एकत्र म्हणावं, मोबाईलसाठी. आईनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. मग बशी त्याच्यापुढं सरकवत तिनं विचारलं, “मला बघून शिकलास का रे बाळा?”

मी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते. त्याचं लक्ष नव्हतं.

“न्हाई काकू,” तो प्रेमानं म्हणाला, “तुमच्या लेकीनं शिकवलं. बसमध्ये. काय करायची ती तुमचं, आम्ही पोट धरधरून हसायचो. खरी आर्टिस्ट तीच हाय.”

आई म्हणाली, हाव का. आणि त्याच्या चहात साखर कमी वाटते म्हणून डबा आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा शाल नीट घडी करून त्याच्या हातात परत दिली, लातूरला थंडी असंल म्हणाली. नारळ ठेवून घेतला. तो हात हलवत गाडीत बसला आणि गर्दी त्याच्या मागं धावली.

मला वाटलं आता आई बोलेल. मी आतून तयार होऊन बसले, माफी मागायचे दोन-तीन प्रकार मनात जुळवले. तिनं भांडी घासली. मी नांदेडला परत आले, ती रोज सकाळी फोन करायची, जेवलीस का, गाडीवर हळू जा. महिने गेले. विषय निघाला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दोन दिल्या असत्या, आमच्या घरात ते चालतं. ती नुसती नेहमीसारखी वागत राहिली आणि माझा जीव टांगणीला लागला. त्या नटावरचा राग त्यामुळे वाढला. स्वतःवरचा राग ठेवायला दुसरी जागा मिळाली की माणूस ती सोडत नाही.

यंदा उमरीची मावशी गेली. आईची थोरली बहीण. आईपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेल्यावर तिनंच आईला वाढवलं, तिच्यामुळे आई नर्सिंगला गेली. पुण्यानुमोदनासाठी आई आदल्या दिवशी नांदेडला माझ्याकडं आली आणि सकाळी आम्ही दोघी उमरीला गेलो. वाटेत ती फारसं बोलली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती आणि अधूनमधून तिचे ओठ हलत होते. ती मनात जुळवतेय हे मला कळलं. आज बोलणार, बहिणीसाठी तरी बोलणार.

विहार भरला होता. जवळच्या गावचा एक सरपंच बोलला, हानी तिकडंही अपूरणीयच होती. मग मावशीचा थोरला मुलगा आईकडं आला, मावशी तू बोल म्हणाला. आईनं हात पदरात घेतले. उठायला म्हणून एक गुडघा टेकवलासुद्धा. मागं कुठंतरी पोरं बसली होती, त्यांच्याकडं तिनं एकदा बघितलं. मग ती परत खाली बसली.

“माझी लेक बोलंल,” तिनं त्याला सांगितलं. आणि माझ्याकडं वळून, आवाज न चढवता म्हणाली, “ऊठ. तुला माझ्यावाणी बोलता येतंय की. आज बोल.”

ती मला शिक्षा देत होती असं मला त्या क्षणी वाटलं. आज तसं वाटत नाही. तिचा चेहरा मी नंतर पुष्कळदा आठवून बघितला, त्यात राग नव्हता. तिला स्वतः बोलता येत नव्हतं आणि तिच्या बहिणीबद्दल कोणीतरी तिच्यासारखं बोलावं एवढंच तिला हवं होतं. ते जिला येतं असं तिनं ऐकलं होतं, तिला तिनं उठवलं.

मी उठले. माईकपाशी गेले. मला आता चष्मा लागलाय. तो मी काढला, पुसला, घातला. आवाज गळ्यात तयार होता, इतक्या वर्षांनंतरही जसाच्या तसा, कुठं थांबायचं, कुठं मान हलवायची, सगळं. हे मला त्या नटापेक्षा कधीही जास्त चांगलं येतं.

आणि मला एकही गोष्ट ठाऊक नव्हती मावशीबद्दल. दर उन्हाळ्यात मी तिच्या घरी राहिले, तिच्या हातचं पोटभर खाल्लं, आणि तिला स्वतःला काय आवडायचं ते मी कधी बघितलं नाही. ती कशावर चिडायची? कुणाशी तिचं भांडण होतं? हातानं काय करायची? आदल्या दिवशी मी नांदेडला रिकामी होते, उमरीत सकाळपासून तिच्या सुना, तिच्या शेजारणी माझ्या आजूबाजूला होत्या. मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

“मावशी फार कष्टाळू होत्या,” मी म्हणाले. “त्यांच्या जाण्यानं आमचं मोठं नुकसान झालं.”

कोणी हसलं नाही. मी जागेवर येऊन बसले तरी आई माझ्याकडंच बघत होती, पुढचं ऐकायला.